ई-रीडरच्या पडद्यात दुरंगी गोळे नसतात. मग ते गेले कुठे?

काजळरेघ (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात माझा जुना ई-रीडर हातातून पडला आणि पडद्याचा एक कोपरा कायमचा गोठला. टाकून द्यायच्या आधी त्यावर साठपट मोठं दाखवणारा छोटा सूक्ष्मदर्शक धरून बघितलं. मला ते गोळे बघायचे होते. अर्धे काळे, अर्धे पांढरे, वीज दिली की कुशीवर वळणारे. 'ई-पेपर कसा चालतो' हे सांगणाऱ्या कितीतरी लेखांत मी हेच वाचलं होतं.

एकही गोळा वळताना दिसला नाही. दिसले ते ढगाळ, एकमेकांना चिकटून दाटीवाटीने बसलेले ठिपके. काही पूर्ण काळे, काही राखाडी. अक्षराच्या कडेला असलेल्या काही ठिपक्यांचा एक भाग काळा आणि उरलेला पांढरा. तेव्हा लक्षात आलं की घोटाळा इथूनच सुरू होतो. प्रत्येक ठिपका ही एक सूक्ष्म कुपी असते. तिच्यात पारदर्शक द्रव असतो आणि त्यात काळे नि पांढरे सुटे कण तरंगत असतात. खालच्या इलेक्ट्रोडची, म्हणजे वीज पोचवणाऱ्या पट्टीची, सीमा एखाद्या कुपीच्या मधोमध गेली तर अर्ध्या भागात पांढरे कण वर येतात, अर्ध्या भागात काळे. चित्रात ही कुपी अर्धी काळी, अर्धी पांढरी काढतात आणि बघणाऱ्याला वाटतं की हा गोळाच फिरतो.

पण फिरणारे गोळे ही कुणाची कल्पित गोष्ट नाही. ते खरोखर होते, आणि कुपीच्या बऱ्याच आधी होते. त्या तंत्राचं नाव जायरिकॉन. ग्रीक भाषेतले 'फिरणे' आणि 'प्रतिमा' हे दोन शब्द जोडून केलेलं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीचं पार्क हे संशोधन केंद्र होतं. तिथल्या निक शेरिडन यांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात ही कल्पना मांडली. त्याच सुमारास, १९७३ मध्ये, पार्कमध्ये आल्टो हा संगणक तयार झाला होता. त्याचा पडदा काचेच्या नळीचा आणि इतका मंद की खोलीत उजेड असला तर नीट दिसायचं नाही. शेरिडन यांना असा पडदा हवा होता जो स्वतः प्रकाश देणार नाही, खोलीतल्या उजेडातच कागदासारखा दिसेल.

त्यांचा मार्ग असा: सुमारे १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे गोळे. एक अर्धगोल पांढरा, दुसरा काळा. हे गोळे पारदर्शक सिलिकॉन रबराच्या पातळ पत्र्यात पेरलेले आणि प्रत्येक गोळ्याभोवती तेलाचा एक पातळ थर, म्हणजे प्रत्येकाची स्वतंत्र खोली. तेलात बुडाल्यावर दोन्ही अर्धगोलांवर वेगवेगळा विद्युतभार येतो. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज दिलं की गोळा वळून हवी ती बाजू वर करतो.

१९७७ साली शेरिडन आणि बर्कोविट्झ यांचा शोधनिबंध आला, १९७८ मध्ये पेटंट मिळालं. आणि मग बराच काळ काहीच झालं नाही. हा धागा मी त्यासाठीच काढलाय. इतकी सुंदर कल्पना मागे कशी पडली, हे मला मनापासून समजून घ्यायचंय. रसायन आणि इलेक्ट्रॉनिक्समधल्या जाणकारांनी कृपया लिहावं.

---

पानगळ

छान धागा. मीही आजवर गोळेच समजत होते!

एक प्रश्न. वीज काढून घेतल्यावर गोळा तसाच का राहतो? तेलात तरंगतोय म्हणता, मग पत्रा हलवला, उलटा केला तर गोळे आपोआप फिरायला नकोत का?

---

रसायनी

पानगळ, याचं उत्तर 'तरंगतोय' या शब्दात आहे. वीज नसताना गोळा तरंगत नसतो. तो आपल्या खोलीच्या भिंतीला टेकून चिकटलेला असतो.

दोन अर्धगोलांवरचा भार एकमेकांना पुरता फेडत नाही. एका बाजूचा थोडा जास्त असतो. त्यामुळे गोळ्यावर दोन गोष्टी एकदम होतात. दोन टोकांच्या फरकामुळे तो वळतो, आणि उरलेल्या निव्वळ भारामुळे तो समोरच्या भिंतीकडे ओढला जातो. व्होल्टेज दिल्यावर आधी तो भिंतीपासून सुटतो, मग तेल ओलांडताना वळतो आणि समोरच्या भिंतीला जाऊन टेकतो. तिथे इतक्या लहान अंतरावर पृष्ठभागांमधलं आकर्षण त्याला धरून ठेवतं. १०० मायक्रॉनच्या गोळ्याचं वजन या पकडीपुढे नगण्य. त्यामुळे पत्रा उलटा करा, भिंतीवर टांगा, हलवा, चित्र जागचं हलत नाही.

या चिकटण्याचा आणखी एक उपयोग होतो. ठरावीक व्होल्टेजच्या खाली गोळा सुटतच नाही. आजूबाजूच्या किरकोळ विद्युतक्षेत्राने चित्र बिघडत नाही.

---

मितभाषी

म्हणजे चित्र टिकवायला वीज शून्य, बदलायलाच तेवढी लागते. कुपीवाल्या पडद्याचंही हेच ना?

---

रसायनी

हो, तेच. दोन्हींचा मोठा गुण हाच.

---

उंबरठा

मला एक शंका आहे आणि ती मूलभूत आहे. लाखो गोळ्यांभोवती लाखो तेलाच्या खोल्या बांधल्या कशा? प्रत्येक गोळ्याला आधी तेलाचं आवरण देऊन मग रबरात ठेवायचं, हे १९७०च्या दशकात शक्य वाटत नाही. अ४ आकाराचा कागद घेतला तर तो सुमारे ६२,४०० चौरस मिलिमीटर भरतो. १०० मायक्रॉनचे गोळे शेजारी शेजारी मांडले तर एका चौरस मिलिमीटरमध्ये १०० बसतात. म्हणजे एका थरातच साठ लाखांहून जास्त गोळे.

---

रसायनी

मला सगळ्यात आवडणारा भाग तुम्ही बरोबर हेरलात. खोल्या कुणी बांधतच नाही, त्या आपोआप होतात.

गोळे पातळ, न सेटलेल्या सिलिकॉनमध्ये नुसते मिसळायचे. त्याचा पत्रा ओतायचा आणि सेट होऊ द्यायचा. या टप्प्यावर प्रत्येक गोळा रबरात घट्ट रुतलेला असतो, जराही हलत नाही. मग तो पत्रा वीज न वाहणाऱ्या पातळ तेलात बुडवून ठेवायचा. सिलिकॉन रबर तेल पितं आणि फुगतं. गोळे तेल पीत नाहीत, त्यांचा आकार तोच राहतो. रबर फुगलं की गोळ्याभोवती फट पडते आणि तेच तेल त्या फटीत भरतं. साठ लाख खोल्या एकाच बुडीत तयार, प्रत्येक आपापल्या गोळ्याच्या मापाची.

---

उंबरठा

माफ करा, पण हे पटत नाही. रबर फुगलं तर ते आतल्या बाजूलाही फुगेल ना? भिजलेला लाकडी दरवाजा चौकटीत घट्ट बसतो, सैल होत नाही. तसंच फुगलेलं रबर गोळ्याला आणखी आवळेल. फट पडण्याऐवजी असलेली जागाही भरून निघेल.

---

विद्युल्लता

उंबरठा, दरवाजाच्या उदाहरणात चौकट तेवढीच राहते आणि आतला दरवाजा फुगतो. इथे उलट आहे. चौकट फुगते आणि दरवाजा तेवढाच राहतो.

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव आठवा. ती तापवली की लोखंड सगळ्या दिशांनी प्रसरण पावतं. तुमच्या तर्काने आतलं भोक लहान व्हायला हवं. प्रत्यक्षात भोक मोठं होतं, म्हणून तर धाव चाकावर चढते, आणि थंड झाली की चाकाला आवळते. सर्व बाजूंनी सारखं प्रसरण म्हणजे चित्र मोठं करण्यासारखं आहे. चित्रात भोक असेल तर तेही त्याच प्रमाणात मोठं होणार.

---

उंबरठा

धाव म्हणजे कडं आहे, तिला बाहेर वाढायला मोकळीक आहे. गोळ्याभोवतीचं रबर चहूकडून रबरानेच वेढलेलं आहे. तिथे तसंच होईल याची मला खात्री नाही. विचार करून लिहितो.

---

रसायनी

तुम्ही नुसता विचार करू नका, करून बघा. पारदर्शक सिलिकॉनचा जाडसर तुकडा घ्या, त्याला भोक पाडा आणि त्यात घट्ट बसेल असा काचेचा मणी दाबून बसवा. बंद बाटलीत रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, ज्योतीपासून लांब. सिलिकॉन रॉकेल चांगलं पितं, काच अजिबात पीत नाही. सकाळी मणी काय सांगतो ते इथे लिहा.

---

काजळरेघ

वा! उंबरठा, नक्की करा, मी वाट बघते.

तोवर गोळ्यांबद्दल. सुरुवातीचे गोळे काचेचे होते. पांढऱ्या काचेच्या मण्यांवर एकाच बाजूने काळा थर बसवायचा. पुढे शेरिडन यांच्या गटाने मेणासारख्या प्लास्टिकचे गोळे करायची जी पद्धत काढली ती वाचताना मी दोनदा थांबले. एक चकती वेगाने फिरत असते. तिच्या वरच्या अंगावर वितळलेलं पांढरं प्लास्टिक सोडायचं, खालच्या अंगावर काळं. दोन्ही फिरण्याच्या जोराने कडेकडे पसरत जातात आणि कडेला भेटतात. तिथून त्यांच्या बारीक धारा बाहेर फेकल्या जातात, प्रत्येक धार वरून पांढरी, खालून काळी. नळाची बारीक धार थोड्या अंतरावर थेंबांत तुटते तशा या धारा तुटतात. थेंब हवेत गोल होतात आणि खाली पडेपर्यंत घट्ट झालेले असतात. अर्धे पांढरे, अर्धे काळे.

रंगवणं नाही, चिकटवणं नाही. दोन रंगांची सीमा धारेतच आखलेली असते आणि थेंबात तशीच उतरते.

---

पानगळ

दोन्ही वितळलेले असताना रंग एकमेकांत मिसळत नाहीत?

---

रसायनी

वेळच मिळत नाही. धार इतकी बारीक असते की तिच्यात खळबळ होत नाही, थर थरावर सरकतात. आणि रंगद्रव्य म्हणजे घन कण असतात, विरघळलेला रंग नव्हे, त्यामुळे ते सहज पसरत नाहीत. खरी काळजी घ्यावी लागते ती दोन्ही द्रवांच्या दाटपणाची. पांढरा जास्त दाट आणि काळा पातळ असेल तर काळा पांढऱ्याला गुंडाळून बसतो आणि सीमा वाकडी होते. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालायचं, काळ्यात वेगळंच रंगद्रव्य, आणि तरी दोन्हींचा दाटपणा सारखा आणायचा. वाचायला एक ओळ आहे, पण असं जुळवून आणण्यात प्रयोगशाळेत किती दिवस जातात ते मी जाणते.

अवांतर: असे दोन तोंडांचे कण आज पदार्थविज्ञानात 'जेनस कण' म्हणून ओळखले जातात, दोन चेहऱ्यांच्या रोमन देवावरून. पिएर-जिल द जेन यांनी १९९१च्या आपल्या नोबेल व्याख्यानात त्यांच्याबद्दल बोलल्यावर हा विषय सर्वदूर पोचला. शेरिडन यांचे गोळे त्याच्या कितीतरी आधीचे.

---

दूरवरून

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. कंपनीने कल्पना मारली.

शेरिडन यांनी गोळे दाखवले तेव्हा त्यांना पडदे सोडून छपाईकडे लक्ष द्यायला सांगण्यात आलं. झेरॉक्सचा सगळा धंदा कागदावर छाप उमटवण्याचा. पार्कमध्येच गॅरी स्टार्कवेदर यांचं लेझर छपाईचं काम चालू होतं, १९७७ मध्ये ९७०० हा मोठा लेझर प्रिंटर बाजारात आला. कागदच नको म्हणणाऱ्या माणसाचं अशा घरात कोण ऐकणार? काम सुमारे पंधरा वर्षं पडून राहिलं. परत हाती घेतलं, १९९९ मध्ये पत्रा बनवण्यासाठी थ्रीएम कंपनीशी करार झाला, २००० साली जायरिकॉन मीडिया ही वेगळी कंपनी निघाली. तोवर १९९७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधून जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ई इंक कंपनी उभी राहिली होती आणि १९९८ मध्ये त्यांचा कुपीवरचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला होता. पंधरा वर्षं हातची घालवल्यावर शर्यत हरणारच.

---

काजळरेघ

दूरवरून, +१. मलाही अगदी हेच वाटतं. वाचताना वाईट वाटलं.

---

विद्युल्लता

मी या मताची नाही, आणि थोडं सविस्तर लिहिते.

पंधरा वर्षांचा हिशेब लावताना समोरच्याचीही वर्षं मोजायला हवीत. द्रवात विद्युतभारित कण वरखाली करून चित्र काढायची कल्पना ई इंकची नाही. १९७०च्या सुमारास जपानमध्ये मात्सुशिता कंपनीतल्या इसाओ ओटा यांनी ती मांडली होती. म्हणजे दोन्ही कल्पना साधारण एकाच वयाच्या. आणि तीही वीस-पंचवीस वर्षं रखडली, ते कुणी दाबून ठेवली म्हणून नव्हे. मोकळ्या द्रवात कण काही काळाने एकमेकांना चिकटून गोळा व्हायचे, एका बाजूला साचायचे, पडदा डागाळायचा. त्या दुखण्यावर औषध होतं कुपी. द्रव बारीक बारीक कुप्यांमध्ये कोंडला की कणांना लांब जाऊन साचायला जागाच उरत नाही.

आता गोळ्यांचं दुखणं बघा. माझ्या मते ती तीन होती. त्यातली दोन इलेक्ट्रॉनिक्सची, ती आधी सांगते.

पहिलं, व्होल्टेज. गोळा सुटायला विशिष्ट तीव्रतेचं विद्युतक्षेत्र लागतं. क्षेत्र म्हणजे व्होल्टेज भागिले जाडी. गोळे १०० मायक्रॉनचे, शिवाय एका थराने भागत नाही म्हणून दोन-तीन थर, त्यामुळे पत्रा जाड, त्यामुळे व्होल्टेज जास्त. कुप्यांचा थर पातळ, तिथे अधिक-उणे १५ व्होल्टवर काम होतं. हा फरक साधा वाटतो, पण प्रत्येक बिंदूमागे एक पातळ-थर ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारा सूक्ष्म खटका, ठेवायचा असेल तर १५ व्होल्ट त्याला झेपतात, त्याच्या अनेक पट व्होल्टेज झेपत नाही. द्रवस्फटिक (एलसीडी) पडद्यांसाठी काचेवर ट्रान्झिस्टर छापणारे कारखाने उभे होतेच. कुपीवाल्यांना त्यातलंच काम वापरता आलं. गोळेवाल्यांना नाही.

दुसरं, ट्रान्झिस्टर नसेल तर उभ्या-आडव्या तारांच्या जाळीवर काम भागवायचं. त्यासाठी सगळे गोळे एकाच व्होल्टेजला सुटायला हवेत. त्याखाली एकही नाही, त्यावर सगळे. पण गोळ्यांचे आकार थोडे वेगळे, खोल्या थोड्या वेगळ्या, चिकटण्याचा जोर वेगळा. काही लवकर सुटतात, काही उशिरा. मग शेजारच्या बिंदूतले अर्धवट गोळेही वळतात.

म्हणून त्यांच्या हाती राहिल्या त्या मोठ्या अक्षरांच्या पाट्या. दुकानातले दरफलक, सभागृहाबाहेरचे सूचनाफलक.

---

मितभाषी

आणि तिसरं?

---

विद्युल्लता

तिसरं शुभ्रतेचं. ते रसायनी अधिक चांगलं लिहितील. मला वाटतं, खरा निकाल तिथेच लागला.

---

रसायनी

हो, यावर मी बराच काळ विचार केलाय.

पांढरा रंग म्हणजे पृष्ठभागावरचा लेप नव्हे. पांढऱ्या वस्तूत प्रकाश आत शिरतो, हजारो कणांवर आपटत भरकटतो आणि बहुतेक परत बाहेर येतो. म्हणून पांढऱ्या रंगाचा पातळ हात दिला की मागची भिंत दिसत राहते, दोन-तीन हात द्यावे लागतात. पांढऱ्याला जाडी लागते.

दुरंगी गोळ्यात पांढऱ्याला किती जाडी मिळते? मध्यभागी फार तर अर्धा व्यास, ५० मायक्रॉन. कडेकडे तर ती शून्यावर येते, कारण तो अर्धगोल आहे. आणि त्याच्या लगेच मागे काय? काळा. पांढऱ्यात शिरलेला जो प्रकाश पलीकडे पोचतो तो काळ्यात कायमचा जिरतो. गोळा आपला अंधार स्वतःच्या पाठीवर घेऊन फिरतो.

हे झालं एका गोळ्याचं. आता गोळ्यांमधली जागा. सारख्या वर्तुळांची शक्य तितकी दाट मांडणी केली, मधमाशीच्या पोळ्यासारखी, तरी सपाटीचा ९०.७% भाग झाकला जातो. पण गोळ्यांना खोल्या लागतात, आणि खोली गोळ्यापेक्षा मोठी. खोलीचा व्यास गोळ्याच्या १.१ पट धरला तर ९०.७ ला १.२१ ने भागा, ७५% उरतात. म्हणजे शिस्तीत मांडूनही पाव भाग मोकळा, आणि रबरात नुसते मिसळलेले गोळे शिस्तीत बसत नाहीत. मोकळ्या जागेतून प्रकाश खालच्या थरात जातो. तिथल्या गोळ्यांचं पांढरं तोंड थोडा परत पाठवतं, पण वर येताना त्याला वरच्या गोळ्यांच्या काळ्या पाठी आडव्या येतात.

म्हणून जायरिकॉनचा 'पांढरा' खरं तर राखाडी होता, वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही काळपट. गोळे एकाच दाट थरात बसवायचे प्रयत्न त्यांनी केले, त्यावर पेटंटंही आहेत. पण पाठीवरचा काळा जात नाही. तो गेला तर दुरंगी गोळाच उरत नाही.

कुपीत हे बंधन नाही. पांढरे सुटे कण वर येऊन एकसंध थर करतात, कुप्या मऊ असल्याने एकमेकींना दाबून चपट्या होतात आणि मधल्या फटी बुजतात. काजळरेघ, तुम्हाला सूक्ष्मदर्शकातून दाटीवाटी दिसली ती हीच.

---

काजळरेघ

रसायनी, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मघाशी मी दूरवरूनना +१ दिलं होतं, ते आता मागे घेते. पंधरा वर्षं वाया गेली नसती तरी गोळ्याची पाठ काळीच राहिली असती.

---

दूरवरून

मी पूर्ण मागे घेत नाही. कुपीची युक्ती जशी कणांच्या दुखण्यावर सापडली, तशी शुभ्रतेवरही सापडली नसती असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पंधरा वर्षं माणसं रोज त्या गोळ्यांपुढे बसली असती तर काय सुचलं असतं कोण जाणे. पण विद्युल्लतांचा मात्सुशिताचा मुद्दा मला माहीत नव्हता आणि तो वजनदार आहे, हे मान्य.

शेवटाच्या तारखा नोंदवून ठेवतो. सोनीचा लिब्रिए हा ई इंकचा पडदा असलेला पहिला ई-रीडर २००४ मध्ये जपानमध्ये आला. मिशिगनमधल्या अॅन आर्बरला गेलेली जायरिकॉन कंपनी २००५ च्या अखेरीस बंद झाली. आणि अॅमेझॉनचा किंडल २००७ च्या नोव्हेंबरमध्ये आला. गोळे बाजारातून जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

---

पानगळ

मला एक विचारायचंय. आपली लिपी त्या गोळ्यांवर वाचता आली असती का? अनुस्वार, रफार, ऱ्हस्व उकाराचा बाक?

---

विद्युल्लता

चांगला प्रश्न. एका इंचात १०० मायक्रॉनचे २५४ गोळे बसतात. पुस्तकी टायपातला अनुस्वार साधारण अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर त्याच्या रुंदीत पाच गोळे येतात. कागदावर हे पुरेसं वाटतं. पण पत्रा जाड असल्याने विद्युतक्षेत्र खालच्या इलेक्ट्रोडपासून वर येताना बाजूला पसरतं, कडा धूसर होतात. बारीक टायपात अनुस्वार आणि त्याखालची मात्रा एकमेकांत मिसळण्याची शक्यता होती. फलकावरच्या बोटभर अक्षरांना काहीच अडचण आली नसती.

आता ई-रीडर इंचाला ३०० बिंदू दाखवतात आणि कण तर मायक्रॉनच्या आसपासचे, त्यामुळे जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

---

मितभाषी

बसच्या कपाळावर पिवळ्या-काळ्या चकत्या टपटप उलटून नाव बदलायचं, ती पाटी याच घराण्यातली का?

---

विद्युल्लता

कल्पनेने हो. ती पद्धत १९६१ ची, कॅनडातल्या फेरांटी-पॅकार्ड कंपनीची. चकतीत छोटं चुंबक असतं, खालच्या वेटोळ्यातून क्षणभर वीज सोडली की ती उलटते आणि चुंबकत्वामुळेच तशी राहते. तिथेही एका बाजूला एक रंग, पाठीला दुसरा, आणि वीज लागते ती उलटतानाच. पण चकती अपारदर्शक असते. समोरच्या पिवळ्याला पाठीच्या काळ्याची झळ लागत नाही, म्हणून ती उन्हातही खणखणीत दिसते. जायरिकॉनला जे जमलं नाही ते तिथे आकारामुळे आपसूक मिळालं.

---

काजळरेघ

शेरिडन यांच्या मनात पडद्यापेक्षा कागदच जास्त होता, हे मला विशेष वाटतं. कचेरीत छापलेले कितीतरी कागद एकदाच वाचून टाकले जातात, हे त्यांना दिसत होतं. म्हणून कल्पना अशी की पत्र्यात इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, नुसते गोळे. तो पत्रा इलेक्ट्रोडच्या रांगेखालून सरकवायचा, प्रिंटरमधून कागद जातो तसा. रांग जिथे भार देईल तिथले गोळे वळतील. वाचून झालं की तोच पत्रा पुन्हा घालायचा. हातात धरायची इलेक्ट्रोडची कांडी कोऱ्या पत्र्यावरून फिरवली की मजकूर उमटेल, असाही त्यांचा विचार होता.

विद्युल्लता, असं केलं तर ट्रान्झिस्टरचा प्रश्न पत्र्यातून बाहेर निघतो ना?

---

विद्युल्लता

निघतो. पत्रा साधा राहतो, रांग एकच लागते आणि तिला हवं तेवढं व्होल्टेज देता येतं. गोळ्यांना साजेसा उपयोग हाच होता असं मलाही वाटतं. शुभ्रता मात्र तिथेही तीच, आणि शेजारी खरा पांढरा कागद ठेवलेला असणार.

---

उंबरठा

प्रयोग केला. उशीर झाला, कारण दोनदा केला.

सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक सिलिकॉनचा तुकडा घेतला. भोक मण्यापेक्षा किंचित लहान पाडलं आणि मणी दाबून बसवला. मणी काचेचा, एक बाजू काळी, दुसरी दुधी. काळी बाजू वर ठेवली. तुकडा उलटा करून आपटला, मणी हलला नाही. बोटाने फिरवायचा प्रयत्न केला, फिरला नाही. तुकड्याची कड कागदावर पेन्सिलीने आखून घेतली आणि तो रात्रभर बंद बाटलीत रॉकेलमध्ये ठेवला.

सकाळी तुकडा आखलेल्या रेषेच्या चहूबाजूंनी बाहेर गेला होता, मोजपट्टी न लावता दिसेल इतका. बाटली तिरकी केली तर मणी भोकात सैल फिरत होता. चिमट्याने तुकडा उचलला तेव्हा तो भोकातून घरंगळून बाटलीच्या तळाशी पडला.

तरी मला वाटलं की भोक आरपार असल्याने रबराला मोकळीक मिळाली असेल. म्हणून दुसऱ्यांदा मणी मधोमध ठेवून वरखाली दोन तुकडे पातळ सिलिकॉनने चिकटवले, चहूबाजूंनी बंद. यावेळी तेल आत पोचायला तीन रात्री लागल्या. चौथ्या दिवशी तुकडा कानाजवळ हलवला तर आत मणी खुळखुळत होता.

रसायनी, विद्युल्लता, तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं.

---

रसायनी

उंबरठा, हे वाचून फार आनंद झाला. चहूबाजूंनी बंद करून बघण्याचं मला सुचलं नव्हतं.

आता तो तुकडा टाकू नका. हवेशीर जागी उघडा ठेवा आणि रॉकेल उडून गेल्यावर काय होतं ते बघा. जायरिकॉनचा पत्रा दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या थरांत बंद का करावा लागायचा ते कळेल.

---

उंबरठा

आठ दिवस झाले. तुकडा पेन्सिलीच्या रेषेत परत आलाय. मणी पुन्हा घट्ट, कितीही हलवला तरी आवाज नाही.

बंद करताना काळी बाजू वर होती. आता वरून बघितलं तर दुधी दिसतेय, आणि कडेला काळ्याची एक बारीक कोर.